एक बाळंतीण आणि शंभर सल्लागार

घरात मूल जन्मास आले म्हणजे पेढ्यांच्या आधी सल्ला येऊन पोहोचतो. बाळंतिणीने वाऱ्यास बसू नये, गार पाण्यास शिवू नये. मुलास फार उजेडात ठेवू नये, काळोखात तर मुळीच ठेवू नये. रडले की लगेच घ्यावे, आणि लगेच घेतल्याने ते अंगावरचे होते म्हणून घेऊही नये. सांगणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नसते. प्रत्येकीने दोन-चार मुले वाढविलेली असतात आणि ती मुले आज चांगली कमावती झालेली डोळ्यांपुढे हिंडत असतात. मग तिचा शब्द खोटा कसा म्हणावा? तथापि ज्या मुलीच्या मांडीवर पंधरा दिवसांचे मूल आहे, जिला सलग तीन तास झोप मिळालेली नाही, तिच्या मनावर ह्या साऱ्याचा परिणाम काय होतो, हा विचार आपल्या घरांतून फारसा केला जात नाही. दुसऱ्या आयांचे बोल तिचा दिवस हलका करितात की जड करितात, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, गुलमंडी, खडकेश्वर ह्या जुन्या वस्त्यांतील वाड्यांतून सल्लागारांची संख्या पूर्वी मर्यादित असे. सासू, आजेसासू, मोठी जाऊ, माहेरची आई, शेकशेगडी करणारी बाई आणि शेजारच्या एखाद्या अनुभवी काकू, झाले. त्यांच्यात मतभेद होत, परंतु आजेसासूबाईंनी एकदा निवाडा दिला की वाद मिटे. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या निवाड्यात सुनेचे मत कोणी विचारीत नसे, आणि मुलगी झाली तर वाड्यातील शांतता कोणत्या जातीची असे हे ज्यांनी अनुभवले त्यांस ठाऊक आहे. पण एक गोष्ट खरी की सल्ला देणारी बाई सल्ला देऊन निघून जात नसे. तिने ‘धुरी द्या’ म्हटले तर शेगडी तीच पेटवी. मूल रात्री कळवळून रडू लागले तर तिलाच उठावे लागे. बोलण्याची जबाबदारी बोलणारीवर पडत असे, आणि म्हणून बोलण्यास आपोआप आळा बसे.

पुढे चिकलठाणा आणि वाळूज येथे कारखाने उभे राहिले. बीड, परभणी, नांदेड, जालना येथील तरुण मंडळी नोकरीनिमित्त येथे आली आणि सिडको, गारखेडा, बजाजनगर अशा वस्त्यांतून दोन-तीन खोल्यांचे संसार थाटले गेले. सासूबाई गावाहून सव्वा महिन्यासाठी येतात, डिंकाचे नि अळिवाचे लाडू करून ठेवितात आणि गावी परत जातात. नंतर दिवसभर घरात एक आई, एक मूल आणि एक फोन. सल्ल्याचा ओघ मात्र थांबत नाही, उलट वाढतो. आता जो सल्ला देतो तो कोठे राहतो, त्याच्या घरी किती माणसे आहेत, त्याच्याकडे पाणी किती येते, हे काहीच ठाऊक नसते.

पाण्याचे उदाहरण मुद्दामच घेतले. ह्या नगराचे पाणी पैठणजवळच्या नाथसागरातून उपसून आणावे लागते. जायकवाडीचे ते धरण १९७६ साली पुरे झाले. पण धरण भरलेले असतानाही नळास रोज पाणी येणे हे येथील घरांस कित्येक वर्षे दुर्मिळ सुख झाले होते. आठ-आठ दिवसांच्या अंतराने पाणी आले, आणि २०२२ साली त्यासाठी मोठा मोर्चाही निघाला. अशा घरातील बाळंतिणीस दूरची कोणी सांगते की दुपटी दिवसातून दोनदा धुवावी, बाळास सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घालावे. सल्ला शास्त्राला धरून असेल; पण त्याने ह्या मुलीच्या पदरी काय पडते? पिंपात शिल्लक राहिलेले पाणी आणि आपण मुलाची हेळसांड करीत आहोत ही टोचणी. तीच गोष्ट टोपड्याची. मे महिन्यात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि तरीही बाळाच्या डोक्यावर कानटोपी आणि अंगावर शाल असावी असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. कारण तो नियम ज्या घरात शिकला गेला तेथे बाळंतपण पौषात झाले होते.

छापील सल्ल्याचा इतिहास आपल्याकडे काही आजचा नाही. निजामी अमलातील ह्या गावात श्रीसरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था १९१५ साली निघाली आणि मराठी वाचणारी घरे वाढू लागली. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. १९३३ साली ताराबाई मोडक यांनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ हाती घेतली. ताराबाईंनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. मूल हे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, त्यास मारून-धाक घालून वळण लागत नाही, हे त्या आईबापांस महिन्यामागून महिना सांगत राहिल्या. पुढे १९४५ साली बोर्डीस आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. पुण्याचे ‘पालकनीती’ मासिक १९८७ साली निघाले. ही मासिके आईबापांशी बोलत, पण महिन्यातून एकदाच बोलत. मधले एकोणतीस दिवस आई आपल्या मुलाकडे पाहण्यास मोकळी असे. शिवाय लेखाखाली नाव असे, चुकीचे छापल्यास जाब देण्यास संपादक असे. ही दोन बंधने आज गळून पडली आहेत आणि त्यांची किंमत आपणास आता कळू लागली आहे.

परक्यास विचारण्यात एक मोठा लाभही आहे, तो नाकारता येणार नाही. जे सासूस विचारता येत नाही, आईस विचारण्याची लाज वाटते, ते अनोळखी माणसास विचारता येते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईतो ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यात वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे ते देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. अनेक घरांत तो अंक उघडपणे येत नसे. परंतु प्रश्न विचारणारे होते, आणि घरात विचारता आले असते तर त्यांनी पोस्टाचा खर्च केला नसता हे उघड आहे. आजही टाके दुखतात, दूध पाजताना डोळ्यांत पाणी येते, मुलाविषयी माया वाटत नाही, असे मुलगी घरात बोलू शकत नसेल, तर ती बाहेर बोलणारच. ‘घरचे सोडून परक्यांना कशाला विचारतेस?’ असे रागावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी प्रथम आपल्या घराचा दरवाजा तपासावा.

आता कोणी म्हणेल, एवढा घोळ कशास? तज्ज्ञांचे ऐकावे आणि मोकळे व्हावे. पण तज्ज्ञांची गेल्या शंभर वर्षांची वाटचाल पाहिली तर तीही सरळ रेषेत नाही. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी १९०७ साली मातांसाठी संस्था काढली आणि मुलास घड्याळ लावून दर चार तासांनी पाजावे, रात्री पाजू नये असा दंडक घातला. त्या घड्याळाकडे पाहात रडणाऱ्या मुलाशेजारी रडत बसलेल्या माता त्या काळी इंग्लंडातही होत्या. अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पुस्तक लिहून मुलांचे मुके घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असे सांगितले. आपल्या आज्यांस हे वाचून दाखविले असते तर त्या हसून लोळल्या असत्या! पुढे १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक आले. मातांनी स्वतःवर विश्वास ठेवावा हा त्यांचा मुख्य सूर होता आणि तो फार मोलाचा होता. पण त्यांच्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत मुलास पालथे निजवावे असा सल्ला होता. तो चुकीचा ठरला. पालथे निजल्याने झोपेत मूल दगावण्याचा धोका वाढतो हे सिद्ध झाल्यावर १९९४ पासून अमेरिकेत उताणे निजविण्याची मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आपल्या पाळण्यातील मूल उताणेच निजे. येथे आज्या बरोबर होत्या.

मात्र आज्या सर्वत्र बरोबर होत्या असे समजून कोणी हुरळून जाऊ नये. जन्मलेल्या मुलास सोन्याच्या काडीने मध-तूप चाटविण्याची चाल आपल्या ब्राह्मणी घरांत जातकर्माबरोबर चालत आली आहे. मधात एका विषारी जंतूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसास ती बाधत नाहीत, परंतु वर्षाच्या आतील मुलाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजतात आणि मुलाचे स्नायू लुळे पडतात. हा विकार १९७६ साली ओळखला गेला. आपल्या पूर्वजांस तो ठाऊक नव्हता, आपणास ठाऊक आहे. यास्तव मंत्र म्हणावेत, सोने ओठांस लावण्याची हौस असल्यास ते स्वच्छ करून लावावे, मध मात्र वर्ष होईतो नको. गुटीचेही तेच. सहाणेवर जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग उगाळताना आजीच्या हाताला जे समाधान मिळते ते मी जाणते. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीदेखील नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यास कारण आहे. आईच्या दुधात शंभरात सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही मुलाची तहान त्याने भागते. वरून दिलेल्या पाण्याने पोट भरते आणि दूध मागे राहते. दूध पुरते की नाही ही शंका असेल तर पहिला आठवडा उलटल्यावर मूल दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करते का ते पाहावे, आणि वजन करावे. शेजारणीच्या मुलाच्या गालांकडे पाहू नये.

शेजारणीच्या मुलाकडे पाहणे, ही खरी मेख आहे. माझ्या मते सल्ल्यापेक्षा तुलनाच अधिक घात करिते. ‘आमचा दहाव्या महिन्यात चालू लागला’ हे वाक्य वरकरणी निरुपद्रवी. पण जिचे मूल तेराव्या महिन्यातही खुर्ची धरून उभे आहे तिच्या रात्रीच्या झोपेचे त्या एका वाक्याने मातेरे होते. पूर्वी वाड्यात पाच मुले असत. त्यांत एखादे लवकर चाले, एखादे उशिरा, आणि ती सारी डोळ्यांसमोर असत. आता फोनवर शेकडो मुलांच्या वार्ता येतात, परंतु त्या लवकर चालणाऱ्यांच्याच येतात. उशिरा चालणाऱ्याची आई गप्प असते. त्यामुळे वाचणारीस असे वाटते की साऱ्या जगाची मुले चालली, आपलेच बसले आहे.

ह्यावर उतारा म्हणून एक आधार देते. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील निरोगी मुलांची वर्षानुवर्षे मापे घेऊन २००६ साली वाढीची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ सुमारे सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे दोन निकोप मुलांत नऊ महिन्यांचे अंतर पडू शकते. हातापायांवर रांगण्याची पायरी तर शंभरातील चार मुलांनी मुळी घेतलीच नाही. ती तशीच उभी राहिली. साडेसतरा महिने उलटूनही मूल चालत नसेल तर डॉक्टरांस अवश्य दाखवावे. त्याआधी ‘अजून चालत नाही वाटतं?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यांस चहा द्यावा आणि विषय पावसावर न्यावा.

इथवर आपण मुलाचे बोललो, आता आईचे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे, हे पुष्कळ स्त्रियांस होते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. परंतु काही जणींचे ओसरत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे जवळजवळ चौघींत एक. कारणे शोधता गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याचा जाच ही पुढे आली. ह्या यादीत ‘अज्ञान’ नाही, हे लक्षात घ्यावे. दुखणाऱ्या मनास माहितीची वाण नव्हती, आणि म्हणून नुसत्या माहितीने ते बरे होण्याजोगेही नव्हते. जिचा नवरा तिच्याशी बोलत नाही तिला आणखी दहा जणींनी दूध वाढविण्याचे उपाय सांगून काय होणार?

मग आयांचे बोलणे निरुपयोगीच म्हणावे काय? नव्हे. त्याच गोव्यात ‘संगत’ ह्या संस्थेने एक प्रयोग केला, तो आपल्या विषयाशी नेमका भिडणारा आहे. खिन्नता जडलेल्या २८० गर्भवती स्त्रिया निवडल्या. निम्म्यांस नेहमीची वैद्यकीय व्यवस्था थोडी सुधारून दिली; निम्म्यांकडे त्याखेरीज एकेक ‘सखी’ पाठविली. सखी म्हणजे डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. त्याच भागातील, स्वतः मुले वाढविलेली, थोडे शिक्षण दिलेली साधी बाई. गरोदरपणापासून मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत ती सहा ते चौदा वेळा भेटीस जाई. २०१९ साली निष्कर्ष छापले गेले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रिया त्या विकारातून बाहेर पडलेल्या होत्या, न मिळालेल्यांपैकी ६१ टक्के. खिन्नतेच्या तीव्रतेची सरासरी पाहिली तर दोहोंत ठळक अंतर दिसले नाही, हेही त्याच निबंधात प्रांजळपणे नमूद आहे. फळ मोठे नव्हे, पण ते फळ आहे. आणि ते एका आईने दुसऱ्या आईशी बोलल्याने आले आहे.

झारखंड व ओरिसात ‘एकजूट’ संस्थेने खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या मासिक बैठका भरविल्या. तेथे बाहेरून कोणी उपदेशक आणला नाही. बायांनीच आपल्या अडचणी मांडाव्या आणि आपल्यास जमेल तो उपाय ठरवावा अशी रीत होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार नवजात मुलांचे मृत्यू ह्या गावांत पुष्कळच घटले. मातांच्या मनाविषयी मात्र एकंदरीत ठळक फरक आढळला नाही. तिसऱ्या वर्षी तेवढे मध्यम स्वरूपाच्या खिन्नतेचे प्रमाण निम्म्याहून खाली आलेले दिसले. तिसरे वर्ष! ओळख व्हावयास, ऐकणारीस नावाने हाक मारता यावयास, आपले दुःख सांगून ते गावभर होत नाही अशी खात्री पटावयास तेवढा काळ लागला असावा, असा आपला माझा तर्क.

ह्या दोन्ही ठिकाणी घडले ते आणि आपल्या घरी घडते ते, ह्यांतील भेद मला असा दिसतो: सखी अगोदर विचारी, मग ऐके, आणि बोललीच तर शेवटी बोले. आपण क्रम उलटा लावितो. ती पुन्हा येई. आपला सल्लागार पुन्हा येत नाही. ती एक होती, शंभर नव्हत्या. एकत्र कुटुंबास हे जमण्याजोगे आहे, किंबहुना एकत्र कुटुंबासच जमण्याजोगे आहे, कारण सखी आणावयास बाहेर जावे लागत नाही. घरात पाच बायका असतील तर बाळंतिणीशी मुलाविषयी बोलण्याचे काम एकीकडे द्यावे, आणि ती एक कोण हे सुनेने ठरवावे. ती धाकटी जाऊ असली तरी मोठ्यांनी राग मानू नये. उरलेल्या चौघींनी भांडी, पाणी, स्वयंपाक पाहावा. तेही मदतच आहे, आणि माझ्या पाहण्यात त्याच मदतीचे उपकार सुना जन्मभर स्मरतात. पाहुण्यांचे उपदेश दारातच झेलण्याचे काम नवऱ्याचे. ‘काकू, डॉक्टरांनी असं सांगितलंय,’ एवढे म्हणण्याचे धैर्य पदवीधर पुरुषांस असावयास हरकत नाही.

फोनचे म्हणाल तर तो हिसकावून घेण्यात अर्थ नाही. बजाजनगरातील दोन खोल्यांत दुपारी तीन वाजता तोच तिचा शेजार आहे. एवढे मात्र पाहावे की तो खाली ठेविताना तिचा चेहरा कसा असतो. कोणाशी बोलून हसली असेल तर ते माणूस जपण्याजोगे आहे. कपाळास आठ्या घालून पुन्हा मुलाची बोटे मोजू लागली असेल, तर ‘काय वाचलंस गं?’ असे जवळ बसून विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.

दोन आठवडे उलटूनही सून गप्प राहते, मूल झोपलेले असूनही तिला झोप येत नाही, जेवण जात नाही, मुलाकडे पाहावेसे वाटत नाही, किंवा ‘माझ्यावाचून याचं बरं होईल’ असा एखादा शब्द तिच्या तोंडून निघतो, तेव्हा घरगुती सखीचे काम संपले असे समजावे. हा शेवटचा शब्द ऐकल्यावर तर एक दिवसही दवडू नये, आणि तिला एकटी ठेवू नये. १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते. आपल्या गावी घाटीच्या रुग्णालयात मनोविकारांचा विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. मूल अंगावर पीत असतानाही घेता येतील अशी औषधे असतात, तेव्हा दूध तुटेल ह्या भयाने थांबू नये. मात्र मूल पीत आहे हे डॉक्टरांस सांगावे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दूरच्या गावी नेण्याचीही जरुरी नाही. बाळ लहान असले तर तेही बरोबर न्यावे. आत सुनेपाशी मुलाने बसावे. आणि बाहेरच्या बाकावर नातवास मांडीवर घेऊन तास-दीड तास बसावयास सासूबाईंइतके योग्य माणूस दुसरे कोणी नाही.